घमेल्याखालची खूण

पावसाळ्यात मातीचं टेनिस कोर्ट मरून जातं. दसऱ्याच्या आसपास ते पुन्हा जिवंत करायचं असतं. आधी गवत उपटायचं, शेवाळ खरवडायचं, मग लाल माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रूळ. सगळ्यात शेवटी पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या. वसईच्या किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं हे एकच कोर्ट आहे, आणि गेली सव्वीस वर्षं दर ऑक्टोबरात मी ते असं उठवून बसवते. या दिवसांत दुपारी वारा फिरला की पाचूबंदरच्या कोळीवाड्याचा वास येतो. दोरांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा. ओली लाल माती आणि अर्धे सुकलेले बोंबील. हे दोन वास एकत्र आले की मला एक दुपार आठवते. आठ वर्षं मी ती टाळत आले. यंदा टाळता आली नाही.

मातीच्या कोर्टाचा एक रिवाज आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लहान सामन्यांत पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे आपणच सांगायचं आणि समोरचीने मानायचं. शंका आली तर खूण बघायची. ताज्या मातीवर बॉल पडला की लांबट डाग उमटतो, देशी बदामाच्या फळाएवढा. तो पट्टीला किंचितही टेकला असेल तर बॉल आत. मधे केसाएवढी माती दिसली तर बाहेर. आणि जिच्या बाजूला खूण आहे तिने ती पायाने पुसली, की तिने हरकत सोडली, बॉल आत होता हे कबूल केलं, असं धरायचं. मग पुढे कुणी काही बोलत नाही. नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. रॅकेट कशी धरायची ते नंतर. "आपल्याविरुद्धची खूण पुसता आली पाहिजे गं," असं म्हणते. त्या दुपारनंतरही आठ वर्षं मी हे वाक्य बोलते आहे. कुणी हसत नाही.

सेलीन माझ्याकडे आली ती कुंपणाबाहेरून. नऊ वर्षांची असेल. आमचा एक बॉल कुंपण ओलांडून रस्त्यावर गेला आणि बाहेरून कुणीतरी तो परत फेकला. तो असा आला की नेटवरून जाऊन पलीकडच्या कुंपणाच्या जाळीवर आदळला. मी बाहेर जाऊन पाहिलं तर डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली मार्था आणि तिच्या मागे ही, गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकमध्ये.

"कुणी फेकला?" मी विचारलं.

"माज्या पोरीनं. काय फुटला काय तुजा?" मार्था भांडायच्या तयारीनेच म्हणाली. कोळणींना अहो-जाहो नसतं. तिने मला पहिल्या दिवसापासून 'तू' केलं आणि 'टीचर' म्हटलं.

"काही फुटलं नाही. हिला उद्यापासून पाठव."

"कशाला? बॉल टाकाला? ते काय शिकाला लागते? रोज बर्फाच्या पाट्या उचलते ती."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा तेवढीच. नऊ वर्षांची, सडपातळ, नियमाची पोर. पायांची जागा कधी चुकायची नाही, पण फटक्यात जीव नसे. सेलीनचं सगळं उलटं. पाय कुठेही, आणि फोरहँड असा की समोरचीच्या हातातली रॅकेट वळावी. दोघींचं इतकं जमलं की मार्था म्हणायची, "टीचर, मना कल्लाच नाय, दुसरी पोर कदी झायली ती." पाण्याची बाटली एक, टॉवेल एक. मुक्ता सुट्टीत पाचूबंदरला सेलीनकडे पडून असायची. तिथे तिने बोंबील वाळत घालायला शिकून घेतलं. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. ना गाठ, ना सुतळी. एकमेकांना चावून धरलेले, एकमेकांच्या वजनावर टांगलेले. मुक्ता घरी येऊन हे कौतुकाने सांगायची आणि हात नाकाशी धरून हसायची. सेलीन आमच्याकडे जेवायला बसली की मला चिडवायची, "मॅडम, तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात. बोंबलात पण घालाल तुम्ही."

हे मला सहन होत नव्हतं. जेवण नव्हे, ती जवळीक. कारण तोवर मला दिसायला लागलं होतं की या दोघींना पुढे एकमेकींशीच खेळायचं आहे.

माझ्याबद्दल थोडं. मी विद्यापीठाकडून खेळायचे. एका अंतिम सामन्यात समोरचीचा बॉल मी बाहेर म्हणाले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी खूण पुसली आणि हरले. परतीच्या बसमध्ये वडील म्हणाले, "चांगलं केलंस." वसई येईपर्यंत पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. जिंकलेल्या मुलीला पुढे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली आणि मी शाळेत पी.टी. शिकवू लागले. त्या पुसलेल्या खुणेचा मला काही वर्षं अभिमान होता. मग तो आंबला. त्याचं काय झालं हे मी कुणाशी बोलले नाही. मी तशीही फार बोलत नाही. मुली माझी नक्कल करतात ती एकाच शब्दाची, "पाय! पाय!"

आंबलेल्या अभिमानाचं मी शास्त्र केलं. टीव्हीवर बायकांचे मोठे सामने लागायचे, ते मुलींना समोर बसवून दाखवायचे. ही बघ, दोन पॉइंटमध्ये पाठ फिरवून उभी राहते, रॅकेटच्या तारा सरळ करत बसते, समोरचीकडे बघत नाही. ती बघ, टॉवेलखाली तोंड लपवते. रडू आलं तरी दाखवायचं नाही, कारण पुरुष रॅकेट आपटतो तेव्हा समालोचक म्हणतात त्याच्यात आग आहे, आणि बाईचे डोळे ओले झाले की म्हणतात, संपली. दोन सर्वोत्तम बायका वर्षानुवर्षं एकमेकींविरुद्ध खेळतात, एकाच खोलीत कपडे बदलतात, आणि नेटपाशी हात मिळवताना एकमेकींची फक्त बोटं धरतात. मला ते फार थोर वाटायचं. मी बाटल्या वेगळ्या केल्या. टॉवेल वेगळे केले. पावसात शाळेच्या हॉलमध्ये दोरीच्या उड्या मारायच्या तेव्हाही दोघींना दोन टोकांना उभं केलं.

"नेटच्या पलीकडे मैत्रीण नसते," मी सांगितलं.

"मग कोण असते मॅडम? सासू?" सेलीन म्हणाली, आणि मुक्ता इतकी हसली की मी दोघींना कोर्टाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. त्या धावताना बोलत होत्या. शेवटच्या फेरीपर्यंत.

त्या ऑक्टोबरात दोघी सतरा वर्षांच्या होत्या. पुण्याहून एक प्रशिक्षक येणार होते. त्यांच्या अकादमीत एका मुलीला जागा होती. राहणं, सराव, स्पर्धांचे दौरे, सगळं त्यांचं. तिथून व्यावसायिक टेनिसची पहिली पायरी. आमच्यासारख्या एका कोर्टाच्या गावाला हे पुन्हा होणार नव्हतं. ते म्हणाले, दोघींचा एक सामना बघतो, तुमच्याच कोर्टावर, आणि ठरवतो.

कोर्ट नुकतं तयार झालं होतं. पट्ट्या आदल्या दिवशी ठोकलेल्या. माती इतकी कोवळी की चिमणी उतरली तरी दिसायची. दुपारी चारचं ऑक्टोबरातलं ऊन. पुण्याचे सर पलीकडच्या टोकाला छत्रीखाली खुर्ची टाकून बसले. मी अलीकडच्या बाजूला, बदामाखालच्या बाकावर, बेसलाइनपासून चार पावलांवर. मार्था बाजार सोडून आली होती आणि कुंपणाबाहेर उभी होती. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको, माजा वास येल."

सेलीनने पहिला सेट घेतला, मुक्ताने दुसरा. तिसऱ्यात सेलीन पाच-चार, सर्व्हिस तिची, चाळीस-तीस. एक पॉइंट, आणि पुणे तिचं. सर्व्हिस टाकण्याआधी तिने नेहमीसारखा छातीवर क्रूस काढला. रॅली लांबली. मुक्ता माझ्या बाजूला होती आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात पळत होती. मग सेलीनने तो फोरहँड मारला, सरळ, कडेकडेने, माझ्या बाकासमोरच्या कोपऱ्यात.

"आउट," मुक्ता म्हणाली. पण ते सांगितल्यासारखं नव्हतं, विचारल्यासारखं होतं.

सेलीन नेटला वळसा घालून आली. तिथे दोन खुणा होत्या. एक पट्टीला टेकलेली. दुसरी, आधीच्या कुठल्या तरी पॉइंटची, दोन बोटं बाहेर. दोघी वाकून बघू लागल्या. छत्रीखालून सरांनी हाक दिली, "मॅडम, तुम्ही जवळ आहात. कुठली खूण ते सांगा, म्हणजे पुढे जाऊ या."

मी उठले. बोटाने बाहेरची खूण दाखवली.

एवढंच. एक शब्दही बोलले नाही. ऊन डोळ्यांवर होतं, दोन खुणा शेजारी होत्या, माणूस चुकतं, असं मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की त्याला पाठांतर म्हणावं. आता खरं लिहिते. मी चुकले नव्हते. बॉल पट्टीवर पडलेला मला दिसला होता. नुसता दिसला नव्हता, ऐकू आला होता. मातीवर पडलेल्या बॉलचा आवाज बुजका असतो, प्लास्टिकच्या पट्टीवरचा कोरडा, टिचकी मारल्यासारखा. तेव्हा मला हे कोर्ट सांभाळून अठरा वर्षं झाली होती. मला फरक कळत नसेल?

सेलीनने बाहेरच्या खुणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "ओके मॅडम," आणि नेटला वळसा घालून परत गेली. तिच्या मनात शंका यावी एवढीसुद्धा जागा मी ठेवली नव्हती. तिला खूण बघायला मीच शिकवलं होतं.

त्यानंतर तिने जेमतेम दोन पॉइंट घेतले. दोन सर्व्हिस नेटमध्ये, एक फोरहँड थेट कुंपणावर. पाच-पाच, सहा-पाच, सात-पाच. शेवटी नेटपाशी मुक्ताने हात पुढे केला. सेलीनने फक्त बोटं धरली. मी शिकवलं होतं तसं.

सरांनी डायरीत लिहिता लिहिता मला ऐकवलं, "ती दुसरी मुलगी गुणी आहे हो. पण डोकं नाही टिकलं. तुमची बघा, मॅच पॉइंटवरून परत आली. हे शिकवून येत नाही." मी मान हलवली. त्याहून वाईट पुढे केलं. सेलीन बाकावर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "एक कॉल विरुद्ध गेला तर एवढं कोसळायचं? मोठ्या कोर्टावर कसा निभाव लागणार तुझा?"

ती म्हणाली, "सॉरी मॅडम."

मग संध्याकाळ झाली आणि रोजच्यासारखं मी गोणपाट ओढलं. ओलं गोणपाट दोरीला बांधून कोर्टभर फिरवलं की दिवसभराच्या खुणा जातात. दोन्ही गेल्या.

आठवडाभराने मार्था शाळेच्या फाटकाशी आली. पाटी खाली ठेवली नाही. डोक्यावर तशीच घेऊन बोलली. "टीचर, पोर बोलत नाय. जेवत पन नाय. हरली त हरली, कोन हरत नाय? तू जरा सांग ना तिला. तुजा ऐकते ती." मी म्हटलं, पाठव तिला. ती आली नाही. मी गेले नाही. पाचूबंदर माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं आहे.

मुक्ता पुण्याला गेली आणि तिथून पुढे. ती आज व्यावसायिक खेळाडू आहे. हे शब्द ऐकायला बरे वाटतात. म्हणजे ती सर्वात खालच्या पायरीवरच्या स्पर्धा खेळते, अनोळखी शहरांत, प्रेक्षक म्हणून चार पालक आणि एक कुत्रा. पात्रता फेरी, पहिली फेरी, बॅग भरायची. दोन-तीनदा तिने तिच्याहून कितीतरी वरच्या मुलींना हरवलं, तिसऱ्या सेटमध्ये, डोळ्याची पापणी न हलवता. एका स्थानिक वर्तमानपत्राने तिची मुलाखत छापली. त्यात विचारलं होतं, ही जिद्द कुठून आली? उत्तरात ती वसईतल्या त्या सामन्याबद्दल बोलली आहे, एका मॅच पॉइंटबद्दल. ते कात्रण शाळेच्या फलकावर वर्षभर होतं. मी रोज त्याच्याखालून गेले. समालोचक म्हणतात, अमकीच्या डोक्यात बर्फ आहे. पाचूबंदरला बर्फ कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे. मेलेलं ताजं दिसावं म्हणून.

ती घरी कमी येते. आली की जेवते, झोपते, बुटांना लागलेली माती खिडकीत झाडते. कोर्टावर येत नाही. थकली असेल, असं मी म्हणायचे.

यंदा पट्ट्या ठोकून झाल्या त्या दिवशी चारच्या सुमाराला सेलीन कोर्टावर आली. आठ वर्षांत आम्ही बाजारात दोन-चारदा समोरासमोर आलो होतो, आणि प्रत्येक वेळी मला अचानक काहीतरी घ्यायचं आठवलं होतं. आता ती पंचविशीची आहे. सुकी मासळी पाकिटांत भरून जूचंद्रच्या नव्या टॉवरांमध्ये घरपोच देते, त्यासाठी स्कूटर आहे. खांदे अजून तसेच.

"मॅडम, काय म्हणताय? गुळाची आमटी चालू आहे ना?" ती हसली. मग म्हणाली, "माझ्या भावाची मुलगी आहे. आठ वर्षांची. हात माझ्यासारखा आहे. तिला पाठवू?"

"पाठव की."

"फक्त एक करा मॅडम. तिचं मन घट्ट करा. हात वगैरे होईल. माझ्यासारखं नको व्हायला तिचं. मी बघा ना, त्या दिवसानंतर कशातच शेवटपर्यंत उभी राहिले नाही. बँकेच्या परीक्षेला बसले, हॉलमध्ये घाम फुटला, उठून आले. मम्मी म्हणाली, परत बस. म्हटलं, नको, माझं डोकं ऐन वेळेला जातं. तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं ना."

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. माझं मोठेपण म्हणून बोलत होती. माझ्या हातात खिळे होते, पट्टीचे, उरलेले. ते मी मुठीत इतके दाबले की टोचले.

"सेलीन," मी म्हटलं, "तुझा बॉल आत होता."

तिला कळलं नाही. "कुठला?"

"मॅच पॉइंटचा. मी दाखवली ती खूण जुनी होती. तुझी पट्टीला टेकलेली होती. मला दिसलं होतं. मी मुद्दाम दुसरी दाखवली."

किल्ल्याच्या बाजूने एक रिक्षा गेली, तिचं गाणं लांबपर्यंत ऐकू येत राहिलं. सेलीन कोर्टावर उतरली, बदामाच्या बाजूच्या बेसलाइनपर्यंत गेली आणि उकिडवी बसली.

"कुठे? दाखवा."

मी गेले. या वेळी बोट बरोबर जागी टेकवलं. तिने तिच्या बोटाने तिथे मातीत एक लांबट डाग कोरला, पट्टीला टेकलेला. डोकं तिरकं करून बघितला, सामन्यात बघतात तसा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"म्हणजे मी जिंकले होते," ती म्हणाली.

"हो."

"मग कोसळले कुठे मी? मॅच तर संपली होती." आणि एकदम तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला. "आठ वर्सं मॅडम! आठ वर्सं मी मना सांगत आले का माजा डोका कच्चा हाय! मुक्ताला माहिती हाय?"

"नाही. तिला काही माहीत नाही."

"मग मला एकटीला सांगून काय? तुम्ही हलक्या व्हायला?" ती उठली, हात झाडले. "तिला सांगा. माझ्या पाया पडू नका, माफीबिफी नको. तिला सांगा फक्त." तिने तो डाग पुसला नाही. त्याला वळसा घालून गेली. स्कूटर सुरू व्हायला वेळ लागला. तीन किका मारल्या. मदतीला जावं असं वाटलं आणि मी गेले नाही.

त्या संध्याकाळी गोणपाट त्या कोपऱ्यावरून ओढायला माझा हात होईना. पाणी मारलं असतं तरी डाग गेला असता. मी माती वाहायचं घमेलं आणून त्यावर उपडं घातलं.

ते घमेलं बारा दिवस तिथे होतं. मुली विचारायच्या, "मॅडम, हे काय?" मी म्हणायचे, "तिथलं काम बाकी आहे." अर्ध्या कोर्टावर सराव चालला. मुक्ताचे सामने सुरू होते. आज सांगू नको, उद्या तिची फेरी आहे. आज नको, हरली आहे. आज नको, जिंकली आहे. दुसऱ्याचं मन घट्ट करणारी बाई फोन उचलून परत ठेवत होती. आणि मला भीती कशाची होती तेही लिहिते. मुक्ताची सगळी जिद्द त्या एका पॉइंटवर उभी आहे. तो काढून घेतला तर ती पुढच्या मॅच पॉइंटला कशाला धरणार? सेलीनची भाची या दिवसांत आली नाही. यायचीही नव्हती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी मुक्ता घरी आली. मी म्हटलं, कोर्टावर चल. ती म्हणाली, दमलेय. मी म्हटलं, चल. बारा दिवसांत तेवढं एकच धैर्य मी केलं असेन.

ऊन उतरत होतं. वारा पाचूबंदरकडून होता. मी घमेलं उचललं. डाग होता तसाच होता, कडा थोड्या ढासळलेल्या. मी सांगितलं. जसं सेलीनला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत. तिच्याकडे बघून सांगायचं ठरवलं होतं. जमलं नाही, डागाकडे बघून सांगितलं.

"मला माहीत आहे," मुक्ता म्हणाली.

मी वर पाहिलं.

"बॉल माझ्यासमोर पडला होता आई. मला नाही दिसणार?" तिचा आवाज शांत होता, तिसऱ्या सेटमधला. "हरायच्या भीतीने तोंडातून 'आउट' निघून गेलं. निघाल्याक्षणी मला ते परत घ्यायचं होतं. पण मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, आई आहे. ती बरोबर दाखवेल, मग मला बोलायला लागणार नाही. मी वाट बघत होते तू दाखवायची. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

"मग तू... पेपरात..."

"काय सांगणार होते पेपरात?" ती पहिल्यांदा चिडली. "त्या दिवशी हरू दिलं असतंस ना, तर नंतर कधीतरी माझं मी जिंकले असते. आता मी जिंकते तेव्हा मला आधी लाइन दिसते. प्रत्येक वेळी. समोरची बाहेर म्हणाली की मी भांडत नाही. लोक म्हणतात, किती शांत खेळते."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे ओझं मी एकटीने उचललं आहे, पोरीला त्याचा स्पर्श होऊ दिलेला नाही. ते आईपण होतं असंही कधीकधी वाटायचं.

"सेलीनला सांगितलंस?" तिने विचारलं.

"हो."

"कधी?"

"बारा दिवस झाले."

मुक्ताने मान खाली घातली. ती बेसलाइनच्या आतल्या बाजूला उभी होती, त्या दिवशी उभी होती तिथेच. मग तिने उजवा पाय पुढे केला आणि बुटाच्या तळव्याने तो डाग पुसला. एकदाच, कडेपासून कडेपर्यंत, पट्टीला लागलेली मातीसुद्धा. आमच्या खेळात त्याचा अर्थ काय होतो ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"मी पाचूबंदरला जातेय," ती म्हणाली.

"मी येऊ?"

तिने फाटकाबाहेर जाऊन रिक्षाला हात केला.

दोन तासांनी ती घरी आली. दारातूनच बोंबलांचा वास आला. बोटं बोंबलांच्या बुळबुळीने चिकट झाली होती आणि तळहाताला कुठेतरी जबड्याचे बारीक दात लागून रक्त आलं होतं. सवय गेली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोंबील लावले. दोन दोर."

"ती काय बोलली?"

"पहिला दोर होईपर्यंत काहीच नाही. मग म्हणाली, जोडी नीट अडकव, पडतील."

"आणि माझ्याबद्दल?"

मुक्ता मोरीत जाऊन हात धुऊ लागली. पाण्याच्या आवाजात म्हणाली, "तुझं नाव निघालं नाही आई."

सकाळी कोर्टावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, घमेलं काढलं? त्या कोपऱ्यातलं काम झालं?" मुक्ताच्या बुटाचा फराटा तिथे तसाच होता. मी गोणपाट भिजवलं, दोरी हाताला गुंडाळली, आणि तेवढा कोपरा सोडून बाकीचं कोर्ट ओढून काढलं.